पाड्यापासून दवाखान्यापर्यंत आणि परत

आजारी माणसाला उपचाराच्या ठिकाणी पोहोचवणे, तिथे त्याच्या आणि त्याच्या सोबत्याच्या राहण्याजेवण्याची सोय लावणे आणि उपचार संपले की त्याला घरी आणून सोडणे, एवढे सगळे मिळून रुग्णप्रवास साहाय्य होते. सरकारी कागदावर याला एक नाव नाही. रुग्णवाहिका सेवा, संदर्भ सेवा, माहेरघर, बुडीत मजुरी, परतीचे भाडे अशी बरीच नावे आहेत. प्रत्येकाचा निधी वेगळा, नियम वेगळे आणि नोंदवहीही वेगळी. रुग्णाच्या लेखी मात्र तो एकच प्रवास असतो. तो घराच्या उंबऱ्यापासून सुरू होतो आणि उंबऱ्याशीच संपतो. दुर्गम भागातल्या आदिवासी रुग्णांना मिळणारी मदत कुठे पुरी पडते आणि कुठे तोकडी, हे पाहायचे असेल तर गाड्या मोजून भागत नाही. या प्रवासाचा एकेक टप्पा तपासावा लागतो.

तासगावसारख्या तालुक्यात हा विषय आहे असे कोणाच्या लक्षातही येत नाही. शहरात ग्रामीण रुग्णालय, पंचवीसेक किलोमीटरवर सांगलीचे सिव्हिल, पुढे मिरजेचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि खासगी दवाखान्यांची रांग. एसटीचा आगार गावातच आहे, एसटी चुकली तर वडाप आहे आणि द्राक्षबागांच्या या पट्ट्यात दारात मोटारसायकल नसलेले घर विरळा. पेशंट ॲडमिट झाला की संध्याकाळी घरून डबा येतो, रात्रीच्या मुक्कामाला भाऊ किंवा मेहुणा थांबतो, तिसऱ्या दिवशी भावकी भेटायला येते. या सगळ्याला पैसे पडतात. पण ते घरातून जातात आणि त्याला कोणी साहाय्य म्हणत नाही.

तासगावचे आमदार आर. आर. पाटील राज्याचे गृहमंत्री असताना गडचिरोलीचे पालकमंत्रीही होते. त्यांच्या वाट्याला आलेले हे दोन मुलूख शेजारी ठेवून पाहिले की फरक डोळ्यांत भरतो. २०११ च्या जनगणनेत तासगाव तालुक्याची लोकसंख्या अडीच लाखांच्या घरात होती, गडचिरोलीतल्या भामरागड तालुक्याची जेमतेम छत्तीस हजारांच्या घरात. भामरागडहून जिल्ह्याच्या गावाला जायचे तर पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास अंतर पडते. इंद्रावती, पामुलगौतम आणि पर्लकोटा या तीन नद्या तिथे मिळतात. पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटतो, आणि कोणाचे आजारपण पाणी ओसरायची वाट पाहत नाही.

उपचारासाठी लांबचा प्रवास करण्याची सवय दक्षिण महाराष्ट्राला जुनी आहे. विल्यम वानलेस या मिशनरी डॉक्टरांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालय सुरू केले आणि ‘मिशन हॉस्पिटल’ या नावाने ते कर्नाटकापासून कोकणापर्यंत ठाऊक झाले. शस्त्रक्रियेसाठी माणसे तिथे लांबलांबून येत. त्यात डॉक्टरांच्या हातगुणाचा वाटा होता तसाच मिरजेच्या रेल्वे जंक्शनचाही होता, आणि या दुसऱ्या वाट्याचा विसर पडतो. गाडी दवाखान्याच्या गावापर्यंत येत होती म्हणून रुग्ण येत होते. जिथे रेल्वे नाही, सडक नाही आणि रोख पैसाही नाही, तिथे उत्तम रुग्णालय उभारले तरी ते रिकामे राहू शकते.

अशी ठिकाणे तासगावपासून फार दूरही नाहीत. सातारा आणि सांगली जिल्ह्यांचा पश्चिम कडा सह्याद्रीत आहे. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाने खोऱ्यातल्या जुन्या वाटा पाण्याखाली घेतल्या, आणि बामणोली-तापोळ्याकडच्या पलीकडच्या काठावरील गावांना लाँचवर विसंबावे लागू लागले. कांदाटी खोऱ्यातली माणसे कित्येकदा साताऱ्याऐवजी घाट उतरून कोकणातल्या खेड-चिपळूणला जाणे पसंत करत आली. पाटण, जावळी, शिराळा तालुक्यांतल्या धनगरवाड्यांवर आजारी माणूस डालात किंवा डोलीत बसवून खाली आणण्याची पद्धत अजून पुरती मोडलेली नाही. इथे एक अडचण सरकारी याद्यांची आहे. कातकरी अनुसूचित जमातीत येतात आणि त्यातही विशेष असुरक्षित आदिवासी गटात मोडतात; गवळी धनगर मात्र या यादीत नाहीत. सांगली जिल्ह्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण एक टक्क्याच्याही आत आहे, त्यामुळे आदिवासी उपयोजनेचा पैसा या कड्याकपारींपर्यंत फारसा येत नाही. डोंगर दोघांनाही सारखाच चढावा लागतो, योजना मात्र जातीचा दाखला पाहून लागू होते.

राज्याच्या पातळीवर चित्र मोठे आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात एक कोटी पाच लाखांवर आदिवासी आहेत, म्हणजे लोकसंख्येच्या नऊ टक्क्यांहून अधिक. नंदुरबार जिल्ह्यात हे प्रमाण सत्तर टक्क्यांना टेकते, गडचिरोलीत ते अडतीस टक्क्यांच्या पुढे आहे. भिल्ल, पावरा, गोंड, कोरकू, वारली, महादेव कोळी, ठाकर अशा अनेक जमाती. त्यांतले कोलाम, कातकरी आणि माडिया गोंड हे तीन विशेष असुरक्षित गट. आदिवासी भागांसाठी आरोग्यसेवेचे निकष सैल केलेले आहेत. मैदानी भागात तीस हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असते, आदिवासी आणि डोंगरी भागात वीस हजारांमागे. उपकेंद्रासाठी हाच आकडा पाच हजारांऐवजी तीन हजार आहे. ऐकायला हे उदार वाटते, पण निकष माणसांचा आहे, अंतराचा नाही. तासगाव तालुक्यात तीन हजार माणसे एका गावात राहतात. भामरागड किंवा धडगावमध्ये तेवढ्या माणसांचे पंधरा-वीस टोले आणि पाडे होतात, मध्ये नाले आणि डोंगर असतात, आणि एका परिचारिकेच्या वाट्याला ते सगळे येतात.

घरापासून सडकेपर्यंतचे अंतर हा या प्रवासातला पहिला टप्पा. बहुतेक मृत्यूंची गोष्ट इथेच ठरते आणि मदतीच्या योजना इथेच सर्वांत पातळ आहेत. गडचिरोलीत खाटेची कावड करतात. बाजेच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधायचे, वर एक जाडसर बांबू किंवा बल्ली घालायची, आणि दोघांनी पुढे, दोघांनी मागे खांदा द्यायचा. आणखी चार-सहा जण बरोबर चालतात, कारण दर थोड्या वेळाने खांदा बदलावा लागतो. नंदुरबारच्या सातपुड्यात बांबूला चादर किंवा गोधडी बांधून झोळी करतात. डोंगराची पायवाट अरुंद असते, तिथे बाज वळत नाही. जव्हार-मोखाड्याकडे डोली असते. नाल्याला पाणी असेल तर कावड डोक्यावर धरून माणसे छातीएवढ्या पाण्यातून जातात. मोठी गोष्ट म्हणजे यासाठी आठ-दहा धडधाकट माणसे पाड्यावर हजर असावी लागतात. भाताच्या लावणीत किंवा स्थलांतराच्या दिवसांत ती नसतात. मग घरची माणसे वाट पाहतात आणि रात्र पडते.

बाळंतपणाच्या बाबतीत ही वाट फार महाग पडते. बाळंतीण अंगावरून अति रक्तस्राव होऊन दगावते तेव्हा रक्तस्राव सुरू झाल्यापासून मृत्यूपर्यंत सरासरी दोनच तास जातात असे मानले जाते. सेरीन थॅडेयस आणि डेबोरा मेन या अभ्यासकांनी १९९४ मध्ये मातामृत्यूंच्या मुळाशी तीन विलंब मांडले: दवाखान्यात जायचे ठरवण्यातला, पोहोचण्यातला आणि पोहोचल्यावर उपचार मिळण्यातला. ही मांडणी जगभर वापरली जाते. आदिवासी भागात मात्र हे तीन विलंब सुटे नसतात. वाट चार तासांची आहे, पुढच्या केंद्रात डॉक्टर भेटेलच असे नाही, आणि नेणाऱ्या आठ जणांचा दिवस बुडणार आहे, हे सगळे ठाऊक असते म्हणून घरचे ठरवायलाच वेळ लावतात. याला बाहेरचा माणूस अंधश्रद्धा म्हणतो. पुष्कळदा तो साधा व्यवहारी हिशेब असतो.

सडकेपासून पुढची जबाबदारी गाड्यांची. महाराष्ट्रात १०८ क्रमांकाची आपत्कालीन सेवा २६ जानेवारी २०१४ रोजी सुरू झाली. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका होत्या. त्यांतल्या २३३ मध्ये गंभीर रुग्णाला सांभाळण्याची प्रगत साधने होती, उरलेल्या ७०४ मध्ये मूलभूत. गाडीत डॉक्टर असतो, हे या सेवेचे वैशिष्ट्य. ती सर्वांना मोफत आहे. उत्पन्न, जात, रेशनकार्ड काही विचारले जात नाही. फोन पुण्यातल्या औंधच्या नियंत्रण कक्षात लागतो आणि तिथून जवळची गाडी पाठवली जाते. तासगावात ही व्यवस्था चालते. मोबाईलला रेंज आहे, रस्त्याचे नाव सांगता येते आणि गाडी दारात येते. अक्कलकुवा किंवा एटापल्लीच्या आतल्या पाड्यावर रेंजसाठी टेकडी चढावी लागते. माडिया किंवा पावरी बोलणाऱ्या माणसाला पुण्यातल्या ऑपरेटरला मराठीत ठिकाण समजावून द्यावे लागते, आणि एवढे करून गाडी येते ती सडक संपते तिथपर्यंत.

गरोदर आणि बाळंत स्त्रियांसाठी १०२ क्रमांकाच्या गाड्या आहेत. २०११ मध्ये सुरू झालेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने सरकारी रुग्णालयातले बाळंतपण पूर्ण मोफत केले, आणि त्यात प्रवास प्रथमच हक्क म्हणून आला: घरून रुग्णालयात, गरज पडल्यास एका रुग्णालयातून दुसऱ्यात आणि तिथून परत घरी. पुढे आजारी तान्ह्या बाळांनाही, वर्षाचे होईपर्यंत, यात घेतले गेले. त्याआधी २००५ मध्ये आलेल्या जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागातल्या पात्र बाईला संस्थेत बाळंतपण झाल्यावर सातशे रुपये मिळतात. आदिवासी भागात तिला घेऊन येणाऱ्या आशा कार्यकर्तीच्या मानधनातही प्रवासखर्चाचा विचार केलेला आहे. यातली ‘परत घरी’ ही तरतूद कागदावर सर्वांत स्वच्छ आहे. प्रत्यक्षात ओली बाळंतीण तान्ह्या मुलासह सडकेच्या टोकाला उतरते आणि पुढचा डोंगर पायी चढते.

गाडी जिथे पोहोचत नाही तिथे निराळी वाहने करून पाहिली गेली. सरदार सरोवराच्या पाण्याने महाराष्ट्रातली ३३ गावे बाधित झाली. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतल्या नर्मदाकाठच्या वस्त्यांसाठी बोटीवरचा तरंगता दवाखाना आणला गेला. डॉक्टर आणि औषधे घेऊन बोट काठाकाठाने फिरते. मोटारसायकल रुग्णवाहिका २०१७ मध्ये मुंबईच्या गल्ल्यांसाठी निघाल्या आणि नंतर मेळघाट-पालघरकडे गेल्या. मुंबईत त्यांचा हेतू गर्दीतून डॉक्टर लवकर पोहोचवणे हा होता. डोंगरात त्यांच्याकडून रुग्ण आणण्याची अपेक्षा केली जाते, आणि कळा देणारी बाई दुचाकीवर बसवणे कोणालाच सोयीचे नाही. प्रथमोपचार आत नेण्यासाठी मात्र ती गाडी खरोखर कामाची आहे.

वाहनाचा प्रश्न सुटत नसेल तर वेळ बदलता येतो. माहेरघर योजना याच विचारातून आली. दिवस भरत आले की बाईने आठवडाभर आधीच प्राथमिक आरोग्य केंद्राच्या आवारात येऊन राहायचे, बरोबर एखादी नातेवाईक आणि लहान मूल आणायचे. राहण्याजेवण्याची सोय तिथे, तपासणी रोज. गडचिरोली, नंदुरबार, अमरावती, नाशिक, ठाणे अशा जिल्ह्यांतल्या निवडक केंद्रांत ही घरे सुरू झाली. पावसाळ्यात पूर येऊन गाव तुटायच्या आत तारीख जवळ आलेल्या बायकांना आणून ठेवता येते, एवढ्यासाठीच ही कल्पना दहा गाड्यांच्या तोडीची आहे. पण बाई आठ दिवस घराबाहेर राहिली तर घरातले मोठे मूल, शेळ्या, स्वयंपाक आणि नवऱ्याचे काम कोण बघणार, हा प्रश्न राहतोच. जिथे माहेरघरात चूल आहे, नवऱ्याला मुक्कामाची परवानगी आहे आणि परिचारिकेला तिची बोली येते, तिथे बायका येतात. नुसती खाट आणि कुलूप लावलेली मोरी असेल तर येत नाहीत.

बुडणाऱ्या मजुरीचा विचार माहेरघराहूनही आधीचा आहे. कुपोषण आणि बालमृत्यूंच्या बातम्यांनी मेळघाट देशभर गाजला, त्यानंतर १९९५ मध्ये राज्याने नवसंजीवन योजना आखली. पावसाळ्यापूर्वी तुटणाऱ्या गावांत धान्य आणि औषधे पोहोचवणे, डॉक्टरांची भरारी पथके पाड्यापाड्यांतून फिरवणे, गरोदर बाईला मातृत्व अनुदान देणे, आणि अति कुपोषित मूल रुग्णालयात दाखल केले तर सोबत राहणाऱ्या पालकाला जेवण आणि बुडीत मजुरी देणे, ही त्यातली मुख्य कामे. बुडीत मजुरी हा शब्द सरकारी भाषेत आला हीच मोठी गोष्ट होती. रुग्णाला लागणाऱ्या खर्चात औषधाइतकाच सोबत्याचा दिवसही असतो, याची ती कबुली होती. दाखल झालेले मूल दोन-तीन दिवसांत आई घेऊन निघून गेली, असे शेरे रुग्णालयांच्या वह्यांत पुष्कळ असतात. घरी दुसरे लेकरू उपाशी असते किंवा मजुरीचा हप्ता चुकत असतो, हे कारण वहीत लिहायला रकाना नसतो.

कुपोषित मुलाच्या पालकाचा अपवाद सोडला तर सोबती या माणसाकडे योजनांनी सर्वांत उशिरा पाहिले. प्राथमिक केंद्रातून ग्रामीण रुग्णालयात, तिथून उपजिल्हा रुग्णालयात, मग जिल्ह्याला आणि शेवटी नागपूरला अशी ‘रेफर’ची साखळी असते. प्रत्येक चिठ्ठीबरोबर गाव मागे पडते, बोली बदलते आणि खर्च वाढतो. धारणीच्या कोरकू माणसाला अमरावतीच्या वॉर्डात कोणत्या खिडकीवर रक्त मिळते, कोणत्या खिडकीवर शिक्का, हे कोण सांगणार? म्हणूनच मेळघाटात भूमकांना, म्हणजे गावातल्या परंपरागत वैद्यांना, रुग्ण दवाखान्यात आणण्याच्या कामात सामील करून घेण्याचा प्रयत्न झाला. ज्याच्यावर आधीच विश्वास आहे त्यानेच पुढची वाट दाखवावी, हा त्यामागचा हिशेब.

सोबत्याच्या बाबतीत गडचिरोलीतल्या दोन संस्थांनी सरकारपेक्षा आधी शहाणपण दाखवले. बाबा आमटे यांनी १९७३ मध्ये हेमलकसाला सुरू केलेल्या लोकबिरादरी प्रकल्पात डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांच्या दवाखान्यात माडिया कुटुंबच्या कुटुंब येऊन राहते आणि आवारातच रांधते. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ने लोकांना कसला दवाखाना हवा ते विचारून माँ दंतेश्वरी रुग्णालय बांधले, तेही गोंडांच्या गावासारखे: वेगवेगळ्या झोपड्या, रुग्णाजवळ घरच्यांना जागा, मध्ये मोकळे अंगण. रुग्णालयाची इमारत हीसुद्धा प्रवास साहाय्य ठरते. सोबत्याला जिथे पथारी टाकता येते तिथे रुग्ण टिकतो.

एकदाच करायच्या प्रवासापेक्षा परत परत करायचा प्रवास कुटुंबाला जास्त पोखरतो. सिकलसेल हा सातपुडा आणि विदर्भातल्या आदिवासींमध्ये आढळणारा आनुवंशिक आजार. त्यात वारंवार रक्त द्यावे लागते, वेदनेचे झटके येतात. क्षयरोगाला महिनोन्‌महिने औषध लागते. डायलिसिस आठवड्यातून दोन-तीनदा. यांच्यासाठी मदत आहे, पण ती तुकड्यातुकड्यांची. अधिसूचित आदिवासी क्षेत्रातल्या क्षयरुग्णाला प्रवासासाठी एकदाच साडेसातशे रुपये मिळतात. एसटीच्या सवलतींच्या यादीत कर्करोग, क्षय, कुष्ठरोग, सिकलसेल, हिमोफिलिया आणि डायलिसिसचे रुग्ण आहेत. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत, जी आधी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना होती, शस्त्रक्रियेच्या खर्चातच रुग्णालयाने परतीचे भाडे द्यायचे असा नियम होता: एसटीचे किंवा रेल्वेच्या दुसऱ्या वर्गाचे, आणि तेही फक्त रुग्णाचे. पोटावर टाके असलेला माणूस एकटा एसटीने नागपूरहून एटापल्लीला जाईल असे नियम लिहिणाऱ्याला वाटले असेल तर त्याने तो प्रवास केलेला नसावा. सवलतीसाठी दाखला लागतो, दाखल्यासाठी तालुक्याला फेरी लागते आणि एसटी मुळात पाड्यावर येत नाही, हे वेगळेच.

परतीच्या वाटेचा सर्वांत कठीण भाग मृतदेहाचा आहे. रुग्णवाहिका जिवंत माणसासाठी असते. मृत्यू झाला की ती जबाबदारी शववाहिकेवर जाते, आणि शववाहिका बहुधा जिल्ह्याच्या गावाला उभी असते. २०१६ मध्ये ओडिशातल्या कालाहांडी जिल्ह्यात एका आदिवासी माणसाला बायकोचा मृतदेह खांद्यावर घेऊन कित्येक किलोमीटर चालावे लागले, तेव्हा देश हळहळला. गडचिरोलीतूनही अशा बातम्या अधूनमधून येतात. आपले माणूस दूर मेले तर ते घरी येणार नाही ही भीती लोकांना रुग्णालयात जाण्यापासून अडवते, म्हणून शववाहिकेचा समावेश उपचारांच्या खर्चातच करायला हवा.

हंगामी स्थलांतराने या सगळ्या व्यवस्थेला आणखी एक भगदाड पडते. नंदुरबार-धुळ्याकडची भिल्ल आणि पावरा कुटुंबे ऊसतोडीला जातात, रायगडचे कातकरी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर. दिवाळीनंतर उसाच्या फडाजवळ पाली पडतात तेव्हा आदिवासी भागासाठीच्या सोयी मागे राहिलेल्या असतात. १०८ ची गाडी आणि सरकारी दवाखान्यातले मोफत बाळंतपण राज्यात कुठेही मिळते. माहेरघर, बुडीत मजुरी, भरारी पथक मात्र आदिवासी तालुक्याशी बांधलेले आहे. सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात दवाखाना जवळ असूनही पालीवरची बाई तिथे उशिरा पोहोचते, कारण कोयता थांबला की आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही आणि तिचे नाव इथल्या आशाच्या वहीत नसते.

इतर देशांत याच प्रश्नाला वेगळी उत्तरे दिली गेली. कॅनडाचे केंद्र सरकार फर्स्ट नेशन्स आणि इन्युइट लोकांसाठी एक स्वतंत्र कार्यक्रम चालवते. त्यात गाडी, बोट किंवा विमानाचे भाडे, मुक्काम, जेवण आणि मंजुरी मिळाल्यास सोबत्याचा खर्च येतो. आर्क्टिकमधल्या इकालुइटहून ओटावा दोन हजार किलोमीटर आहे. ओटावात बॅफिन भागातून आलेल्या रुग्णांसाठी ‘लार्गा बॅफिन’ नावाचे निवासस्थान आहे. पैसा भरपूर असूनही गाठी तिथेही आहेत. प्रत्येक फेरीला पूर्वमंजुरी लागते. बाळंतपणासाठी शेकडो मैल दूर पाठवलेल्या आदिवासी बाईला सोबत कोणीतरी हवेच, हे सरकारने सर्वांसाठी मान्य केले ते २०१७ मध्ये. क्वीबेक प्रांतात आजारी मूल विमानाने हलवताना आईबापांना बरोबर नेत नसत. डॉक्टरांनीच त्याविरुद्ध मोहीम चालवल्यावर २०१८ मध्ये धोरण बदलले. आणि खर्च केंद्राने करायचा की प्रांताने, या वादात जॉर्डन रिव्हर अँडरसन हा नॉर्वे हाउस क्री समाजाचा मुलगा घरी जाण्याइतका बरा होऊनही रुग्णालयातच अडकला आणि २००५ मध्ये, पाचव्या वर्षी, तिथेच वारला. त्याच्या नावाने आता तत्त्व मानले जाते: आधी सेवा द्या, कोणी पैसे भरायचे ते नंतर भांडा.

ऑस्ट्रेलियात १९२८ मध्ये जॉन फ्लिन यांच्या प्रयत्नांनी क्वीन्सलँडमधल्या क्लॉन्करी गावातून विमानाने डॉक्टर पाठवण्याची सेवा सुरू झाली, आणि राज्यांच्या प्रवास-भत्ता योजनाही आहेत. पण तिथले सर्वांत बोलके उदाहरण उलट्या दिशेचे आहे. वाळवंटातल्या पिंटुपी लोकांना डायलिसिससाठी पाचेकशे किलोमीटरवरच्या ॲलिस स्प्रिंग्जला कायमचे जावे लागे. घर, भूमी आणि विधी सुटत. २००० मध्ये त्यांनी स्वतः काढलेल्या चित्रांचा लिलाव केला, दहा लाख डॉलरांहून जास्त रक्कम उभी राहिली आणि काही वर्षांत किंटोर या त्यांच्या गावातच डायलिसिस सुरू झाले. पुढे ‘पर्पल हाउस’ या नावाने ही संस्था अनेक दुर्गम वस्त्यांत पोहोचली.

रुग्णाला हलवण्यापेक्षा उपचार हलवणे, हा मार्ग महाराष्ट्रानेही जगाला दाखवलेला आहे. ‘सर्च’ने गडचिरोलीच्या ३९ गावांत गावातल्याच बायकांना नवजात बाळांची काळजी घ्यायला शिकवले. न्यूमोनिया आणि जंतुसंसर्ग ओळखणे, बाळ उबदार ठेवणे, गरज पडली तर इंजेक्शन देणे, हे सारे झोपडीतच. नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले आणि आज देशभरातल्या आशा बाळंतिणीच्या घरी ज्या भेटी देतात त्यांचे मूळ तिथे आहे. मेळघाटात बैरागडला डॉ. रवींद्र आणि डॉ. स्मिता कोल्हे यांनी तीन दशकांहून अधिक काळ राहून दवाखाना चालवला, म्हणजे कित्येक रुग्णांचा धारणी-अमरावतीचा फेरा वाचवला. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राने विशेष असुरक्षित गटांसाठी जाहीर केलेल्या पीएम-जनमन योजनेतही फिरती वैद्यकीय पथके आहेत.

तरीही सगळे काही पाड्यावर नेता येत नाही. आडवे मूल, फुटलेले अपेंडिक्स, विषारी सापाच्या दंशानंतर थांबत चाललेला श्वास यांना शस्त्रक्रियागृह, रक्त आणि कृत्रिम श्वसनाचे यंत्र लागते. ताप, जुलाब, मलेरिया, न्यूमोनिया, साधे बाळंतपण आणि क्षयाची औषधे गावाजवळ मिळाली तर सडकेपर्यंत नेण्याची वेळ मोजक्याच रुग्णांवर येते, आणि त्या मोजक्यांसाठी पावसाळ्याआधी नाल्यावर साकव, पाड्यावर चांगले स्ट्रेचर, खांदा देणाऱ्यांना दिवसाची मजुरी आणि सडकेच्या टोकाला उभी गाडी ठेवणे ग्रामपंचायत आणि आरोग्य केंद्राच्या आवाक्यात येते. खांदेकऱ्यांच्या मजुरीसाठी वेगळे लेखाशीर्ष काढायचे की आरोग्य केंद्राच्या किरकोळ निधीतून ती द्यायची, एवढाच प्रश्न मग तालुक्याच्या बैठकीत उरतो.